फोलोलाची दाढ आणि वन्संची किटली

फोलोलाचा राग आमच्या अख्ख्या बेटाला ठाऊक आहे. धक्क्यावर ती तळलेले मासे विकते. शिळा मासा ताजा म्हणून तिच्या गळ्यात मारणाऱ्या कोळ्याला तिनं एकदा त्याच माशानं बडवलं होतं. पण मी सांगतेय तो राग निराळा. तो तिला तोंडात धरून बसावा लागला, कारण तोंडात टाके होते.

अक्कलदाढ आडवी उगवली होती. गाल पपईसारखा सुजला, तोंड दोन बोटंही उघडेना, तेव्हा मी तिला होडीत घालून नेइआफू शहरातल्या इस्पितळात नेलं. मी शेजारीण, आकानेसी. तिचा नवरा सेमिसी त्या दिवशी सुरणाच्या मळ्यात होता, म्हणून मी गेले. डॉक्टरांनी हिरडी कापली, दाढ तोडून तुकड्यातुकड्यानं काढली आणि तीन टाके घातले. दुपारचे बारा वाजले होते.

मग वाइसिओआ नावाची नर्स आम्हा दोघींना घेऊन बाकावर बसली. "सुईच्या गुंगीत तिच्या लक्षात राहायचं नाही, तुम्ही ऐका," ती मला म्हणाली. "हा कापसाचा बोळा अर्धा तास दाबून धरायचा. जखमेत रक्ताची गाठ धरेल. ती गाठ म्हणजे तिचं पांघरूण, ती हलता कामा नये. उद्या दुपारपर्यंत चूळ भरायची नाही. थुंकायचं नाही, लाळ आली तर गिळायची. शहाळं नळीनं ओढायचं नाही. गरम काही नाही. बोट घालून चाचपायचं नाही. आज गालावर बर्फ ठेवायचा, झोपताना उशी उंच घ्यायची. उद्या दुपारनंतर कोमट मिठाचं पाणी, तेही नुसतं तोंडात धरून मान कलंडायची, खुळखुळवायचं नाही. आणि आठवडाभर वाकून, जोर लावून काम नाही."

बोळा तोंडात असल्यामुळे फोलोलानं बोटांवर मोजून सगळं तिला परत दाखवलं. एकही चुकलं नाही.

घरी आल्यावर तिनं ते अक्षर न् अक्षर पाळलं. मासळीवाल्याकडचा बर्फ मी फडक्यात बांधून दिला. सेमिसीनं रताळं उकडून, नारळाच्या दुधात घोटून, पार गार करून वाटीत आणून ठेवलं. माणूस वाईट नाही तो. हे मी आधीच सांगते, कारण पुढं त्याचाही राग येणार आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी लोसालीन आली. सेमिसीची थोरली बहीण. आमच्याकडे नवऱ्याची बहीण म्हणजे घरात सगळ्यांच्या वर. तिनं मागितलं ते द्यायचं, सांगितलं ते करायचं. आणि बहीण दारात आली की भाऊ तिथं रेंगाळत नाही, तशी मर्यादाच आहे. लोसालीनचा आवाज ऐकताच सेमिसी मागच्या दारानं मळ्याकडे निघून गेला.

लोसालीनच्या हातात वाफाळती किटली होती, नोनूच्या पानांचा काढा.

"अगंबाई, केवढं हे थोबाड! लग्नाला दहा दिवस राहिलेत आणि तू अशी? ऊठ. चूळ भर. चांगली खुळखुळव आणि थुंकून टाक, घाण निघून जाऊ दे."

लग्न तिच्या मुलीचं होतं. आहेरात द्यायचं, झाडाची साल कुटून केलेलं मोठं कापड बायकांच्या कामाच्या छपरीत अर्धंच पडलं होतं, आणि त्याची किनार रंगवावी ती फोलोलानंच. सगळी घाई त्यासाठी होती.

फोलोलानं मान हलवली, गालाकडे बोट दाखवलं.

"अहो, नर्सनं..." मीच तोंड घातलं.

"नर्स काल शाळेतनं बाहेर पडलीय. माझ्या आजीनं गावभर दाढा बऱ्या केल्या. फोलोला, मी सांगतेय ना?"

त्या "मी सांगतेय ना" पुढं आमच्याकडे सून बोलत नाही. फोलोलानं कप घेतला. तीन वेळा कढत काढ्यानं जोरजोरात चूळ भरली, तीन वेळा थुंकली. तिसऱ्या वेळी लाल काहीतरी पडलं.

"बघ, घाण निघाली," लोसालीन म्हणाली.

मी तिथं उभी होते आणि गप्प राहिले. त्याबद्दल मी स्वतःला अजून शिव्या घालते. दुपारी लोसालीननं तिला छपरीतही नेलं, आणि फोलोला ओणवी होऊन कापडाला खळ लावत बसली.

तिसऱ्या दिवशी मी गेले तर ती घराच्या खांबाला डोकं टेकून उभी होती आणि तळहातानं खांबावर थापा मारत होती. कळ कानापर्यंत, कपाळापर्यंत चढली होती. तोंडाला मेलेल्या खेकड्यासारखी घाण येत होती. गोळ्या घेऊन तसूभर फरक नव्हता.

"वन्संना सांगितलंस?"

"म्हणाल्या, अजून काढा घे."

मी तिला सरळ होडीत बसवलं. कुणाला विचारलं नाही.

वाइसिओआनं तोंडात दिवा धरला आणि तिचा चेहरा उतरला. "गाठ गेलीय. हाड उघडं पडलंय. चूळ कुणी भरायला लावली?"

फोलोला भिंतीकडे बघत राहिली. मी सांगितलं. डॉक्टरांनी जखम हलक्या हातानं धुतली आणि लवंगेच्या वासाचं औषध लावलेली पट्टी दाढेच्या खळग्यात भरली. घटकाभरात कळ ओसरली. तेव्हा कुठं फोलोला रडली, आणि ते दुखण्याचं रडणं नव्हतं.

"काय काय करू नको ते सगळं सांगितलंस तू मला," ती नर्सला म्हणाली. "नणंदेला नाही कसं म्हणायचं, ते तेवढं सांगितलं नाहीस."

परतल्यावर ती घरी गेलीच नाही. धक्क्यावरून तडक छपरीत. दहा-बारा बायका कापडाभोवती बसल्या होत्या.

"आलीस? ये, ती कड धर," लोसालीन म्हणाली.

फोलोला उभीच राहिली. तोंड अर्धंच उघडत होतं, त्यामुळे शब्द दातांतून गाळून आल्यासारखे येत होते. "वन्सं, मी कड धरणार नाही. माझं हाड उघडं पडलंय. नोनूच्या पानाशी माझं भांडण नाही, पान चांगलंच आहे. पण तुम्हाला माझी दाढ बरी करायची नव्हती. तुम्हाला किनार हवी होती."

 लोसालीनचा चेहरा काळवंडला. "एवढ्या बायकांपुढं मला बोलतेस?"

"एकांतात बोलले असते तर तुम्ही किटली पुढं केली असती."

संध्याकाळी सेमिसी मळ्यातून आला तेव्हा मी अंगणातच होते. फोलोलानं त्याला दारात गाठलं. "त्या दिवशी कुठं गेला होतास?"

"बहीण आहे ती माझी. मी तिथं कसा थांबणार?"

"नको थांबू. दाराबाहेरून ओरडला असतास, 'तिला डॉक्टरनं मना केलंय.' त्यानं कोणती मर्यादा मोडली असती?"

 सेमिसी रताळी घेऊन चुलीकडे गेला. चार दिवसांनी लोसालीननं किनार रंगवायला ये असा निरोप पाठवला, तेव्हा त्यानं निरोप्याला अंगणातूनच परत लावलं. "आठवडा पुरा झाल्याशिवाय ती उठणार नाही, सांग तिला." फोलोलाला हे कळलं. "उशिराच सुचलं," एवढंच ती म्हणाली.

पट्टी आणखी दोनदा बदलावी लागली. किनार दुसऱ्या बायकांनी रंगवली, वाकडीतिकडी. फोलोला लग्नाला गेली, रिवाजाप्रमाणे स्वतःची चटई आहेरात दिली, उजव्या बाजूनं मऊ सुरण खाल्लं, आणि लोसालीनशी एक अक्षर बोलली नाही. लोसालीननंही माफी मागितली नाही. अजून मागितलेली नाही. खळगा भरायला महिना लागला.

नाताळाच्या आधी दुसऱ्या बाजूची दाढ काढायची वेळ आली. या खेपेला फोलोला इस्पितळातून थेट माझ्याकडे आली आणि चार दिवस राहिली. दुसऱ्या सकाळी लोसालीन माझ्या दारात उभी. झाकलेलं भांडं होतं हातात. काय होतं त्यात, मी बघितलं नाही.

लोसालीन माझी नणंद नाही. तेव्हा किटलीपुढं जे बोलायचं राहून गेलं, ते मी दारातच बोलले.