मेडिकलच्या आधीची चार वर्षं

आयर्लंडमधल्या आमच्या नास गावातली सगळी मराठी माणसं अनुयाताईला 'डॉक्टर' म्हणायची. नागपूरहून ती इथे आली तेव्हा चौदा वर्षांची होती. मराठी मंडळाच्या पहिल्याच सहलीत कुणाचा तरी मुलगा धडपडला आणि तिने त्याच्या गुडघ्याला नीट पट्टी बांधली. झालं! पद्मजाकाकूंनी, म्हणजे तिच्या आईने, तिथेच जाहीर करून टाकलं, "आमची अनुया डॉक्टरच होणार हं!" तेव्हापासून मंडळातले विवेककाका भेटले की मनगट पुढे करायचे. "डॉक्टर, जरा नाडी बघा हो. चालू आहे ना?" आणि स्वतःच हसायचे. त्यांचं हसू संपता संपता शिट्टी वाजते. मी ती हुबेहूब काढते.

तसे मी सगळ्यांचेच आवाज काढते. ताई आमच्या शेजारी राहते, त्यामुळे माझी हक्काची प्रेक्षक तीच. पण तिचा स्वतःचा आवाज मला कधी जमला नाही, कारण ती बोलायचीच इतकं कमी. तिच्या शाळेतल्या मुली चार वर्षांच्या असल्यापासून एकमेकींच्या मैत्रिणी. चौदाव्या वर्षी आलेल्या मुलीशी त्या छान वागायच्या, पण आपल्या बाकावर सरकून जागा कुणी करायचं नाही. मधल्या सुट्टीत ताई लायब्ररीत बसायची. तिथे भिंतीवर आयर्लंडमधल्या खडकांचा मोठा नकाशा होता. एकदा चालता चालता मला म्हणाली, "आपल्या घराखाली चुनखडक आहे. म्हणजे इथे कधीतरी समुद्र होता." एवढं लांबलचक वाक्य मी तिच्याकडून पहिल्यांदाच ऐकलं.

डॉक्टर मात्र तिला खरंच व्हायचं होतं. नुसती आईची हौस नव्हती ती.

इथे मेडिकलला शाळेच्या मार्कांशिवाय आणखी एक परीक्षा लागते. गेल्या जूनच्या शेवटी तिचा निकाल लागला आणि ताईची संधी गेली. दुसरा रस्ता होता: आधी चार वर्षांची कुठलीही पदवी चांगल्या मार्कांनी घ्यायची, मग पुन्हा प्रवेशपरीक्षा द्यायची. कॉलेजच्या अर्जावर पहिली पसंती बदलायला फक्त थोडे दिवस उरले होते.

शाळेतल्या सल्लागार बाई म्हणाल्या, "आह शुअर, एनी डिग्री ॲट ऑल, लव्ह. यू'ल बी ग्रँड!"

संजीवकाकांना, ताईच्या बाबांना, ते 'एनी' काही पचेना. सँडीफोर्डच्या ऑफिसातल्या मीटिंगमध्ये बोलतात तसेच ते घरीही बोलतात. "ओके, लेट्स टेक अ स्टेप बॅक. बायोमेडिकल घे. निदान नावात तरी मेडिकल आहे, लोकांना सांगता येतं. तू म्हणतेस ते भूगर्भशास्त्र घेतलंस आणि उद्या मेडिकलला नाही मिळालं, तर काय करणार? दगड विकणार?"

ताईने पहिल्या पसंतीला बायोमेडिकल टाकलं.

त्या शनिवारी आमच्याकडे सगळे जेवायला होते. मेडिकलचं हुकलं हे ताईच्या घरच्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. विवेककाकांनी सवयीने मनगट पुढे केलं. "डॉक्टर, बघा बुवा."

ताईने खरंच नाडी धरली. घड्याळाकडे बघत बसली. काका हसायचेच विसरले.

"नाडी छान आहे काका," ती म्हणाली. "मला मेडिकल मिळालं नाही."

पद्मजाकाकूंच्या हातातला डाव भातातच राहिला. मग एकदम सगळे सुटले. "अगं, फार्मसी घे!" "छे, बल्गेरियाला पाठवा, माझ्या कलीगची मुलगी तिथेच आहे." "बल्गेरिया नाही हो, हंगेरी!" "नर्सिंग करून आत शिरायचं, सिंपल." बल्गेरिया की हंगेरी यावर इतकं रंगलं, की ताई मागच्या दारातून बाहेर गेल्याचं कुणाला कळलंच नाही. मी मागोमाग गेले. ती बागेच्या कडेला फोन हातात धरून बसली होती.

थोड्या वेळाने संजीवकाका तिचं ताट घेऊन आले. मला वाटलं, आता स्टेप बॅक.

"मी बीएस्सीला मायक्रोबायॉलॉजी घेतलं होतं," ते म्हणाले. "नागपूरला. मेडिकल हुकलं, तर निदान त्याच्या जवळचं काहीतरी. आमच्या लॅबच्या खिडकीतून मेडिकल कॉलेजचं गेट दिसायचं."

"मग?"

"मग काय. तीन वर्षं गेट बघितलं. नंतर कॉम्प्युटरचा कोर्स केला."

"तुम्ही कधी बोलला नाहीत, बाबा."

"त्यात सांगण्यासारखं काय होतं?"

ताईने फोनकडे बघितलं. "मी परीक्षा परत देणार आहे. पण चार वर्षं नुसतं बसून वाट नाही बघायची मला. नाहीच मिळालं, तर काहीतरी आवडीचं शिकलेलं हातात असू दे."

"लोकांना काय सांगू मी?"

"दगड सांगा."

काका हसले नाहीत, पण नाहीही म्हणाले नाहीत. "पोळी गार होतेय," म्हणाले आणि ताट तिच्याशेजारी ठेवून आत गेले. तिने तिथेच फोनवरून पहिली पसंती बदलून भूगर्भशास्त्र टाकलं. पोळी तशीच राहिली.

आता ती गॉलवेला कॉलेजात असते. मंडळाच्या दिवाळीला आली होती, तेव्हा तिला काय हाक मारायची हेच कुणाला सुचेना, त्यामुळे बहुतेकांनी मारलीच नाही. नंतर तिचं येणंही कमी झालं. तिथल्या तिच्या भाड्याच्या घरातल्या बाकीच्या मुली दर शुक्रवारी दुपारी बॅगा उचलून आपापल्या गावी जातात. मग रविवारपर्यंत ती एकटीच. जिन्यातला दिवा मुद्दाम चालू ठेवते म्हणाली.

परवा शुक्रवारी मी फोन केला. विवेककाका, सल्लागार बाई, सगळे करून दाखवले. ती हसली, पण जरा उशिरा. मग म्हणाली, खडकांच्या पहिल्या परीक्षेत वर्गात सगळ्यांत जास्त मार्क तिला पडलेत.

मी ओरडलेच. "कुणाकुणाला सांगितलंस?"

"हे काय," ती म्हणाली. "तुला सांगतेय ना."