पाठ करून बसलेली बाई

सगळी गल्ली तिला पिशवीवाली म्हणायची. पिशवीत काय, तर लाकडी ठोकळे, चेंडू, एक वाटी आणि टकली बाहुली. जी पोरं वेळेवर बोलत नाहीत, हाकेला वळत नाहीत, त्यांच्या घरी दर मंगळवारी जायचं आणि आईबापाला पोराशी खेळायला शिकवायचं, हे तिचं काम. त्यात नियम एकच: खेळणं आईबापाच्या हातात द्यायचं, पोराच्या नाही. आपण हाताची घडी घालून बसायचं. बाई काय, घटकाभरात निघून जाणार. पोराला आठवडा काढायचा असतो घरच्यांबरोबर.

गवंड्याच्या घरी मात्र नियम मोडला. त्याची बायको वारलेली, मागं एवढीशी चिमी. तिच्या तोंडातनं शब्द फुटत नव्हता, आणि बाप पोरीपेक्षा मुका. ठोकळा हातात दिला की वीट पारखावी तसा उलटासुलटा बघायचा आणि खाली ठेवायचा. बाईचे हात शिवशिवले. तिनंच ठोकळा वाटीखाली लपवला, "कुठं गेला गं?" म्हणाली आणि थांबली. चिमी खुदकन हसली.

मग दर खेपेला तेच. चिमी खिडकीत वाट बघायची, पिशवीवर झडप घालायची, बाईच्या मांडीत बसायची. बापाकडं ढुंकून बघायची नाही. चुकतंय हे बाईला कळत होतं, पण गोडही लागत होतं. तिच्या खोलीत तिची वाट बघणारं कोण होतं? कुलूप काढताना ती मोठ्यानं "आले गं!" म्हणायची आणि "बरं झालं आलीस" हे उत्तरही स्वतःच द्यायची.

एक दिवस गवंडी म्हणाला, "ताई, माझी बहीण येतेय. चिमीला घेऊन जाते म्हणते. पोरगी तुझ्याकडं बघतसुद्धा नाही, तू काय कपाळ सांभाळणार, म्हणते."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"काय म्हणू? खोटं थोडंच आहे? ती बघते तुमच्याकडं."

पुढच्या मंगळवारी बाई पिशवी न घेताच आली. बहीण आधीच येऊन ठाण मांडून बसली होती. चिमी धावत आली, तशी बाई भिंतीकडं तोंड करून बसली. चिमीनं पाठीवर थापा मारल्या, वेणी ओढली, शेवटी भोकाड पसरलं. वळावं म्हणून बाईचा जीव तुटत होता. भिंतीच्या पोपड्यावर नजर रोवून ती तशीच बसली.

"कसली रे ही शिकवणारी?" बहीण म्हणाली. "रुसलीय का भिंतीशी लग्न लावलंय?"

गवंड्याला काही सुचेना. त्यानं घमेलं पालथं घातलं आणि त्यावर थापी आपटली. टण! रडणं थांबलं. टण, टण! मग थापी हवेत धरून तो थांबला. बाईचं बघून बघून तेवढं त्याला आलं होतं.

बाईच्या पाठीवरचे इवले हात सुटले. पावलं वाजली.

"आणकी," चिमी म्हणाली.

बाईनं ते पाहिलं नाही, फक्त ऐकलं.

"काय म्हणाली?" बहिणीनं विचारलं.

"आणखी म्हणाली, अक्का," म्हणत गवंड्यानं थापी पुन्हा आपटली. टण!

"घ्या! आता रोज कान किटवून घे. राहू दे बाबा तुझ्याकडंच."

गवंडी दारापर्यंत आला. "ताई, मंगळवारी?"

"एकदोनदा येईन. पण बसून राहीन, बरं का. मग नाही."

चिमीनं वर बघितलंच नाही. तिला घमेल्यातून सवड कुठं होती?

बाईनं खोलीचं कुलूप काढलं. "आले गं," म्हणाली. उत्तर काही त्या दिवशी तोंडातनं निघालं नाही. मग भूक लागली होती म्हणून तिनं पातेलं गॅसवर चढवलं.