इंग्रजांचा पंचनामा

चिकलठाण्याला विमानतळाच्या मागं आमची सोसायटी आहे. सतरा सप्टेंबरच्या आधीच्या रविवारी तिथं मराठवाडा मुक्तिदिनाचा कार्यक्रम असतो. आधी रांगोळी स्पर्धा ठेवायचे, मग पाककृती आली. दोन्हींत निकालावरून इतकी भांडणं झाली की यंदा थेट वादविवादच ठेवला, म्हणजे भांडण निदान वेळेत संपेल. विषय सोसायटीच्या अध्यक्षांनी दिला: जुन्या साम्राज्यांनी आपल्या वसाहतींना नुकसानभरपाई द्यावी का? मी शाळेत इतिहास शिकवते, त्यामुळे 'द्यावी' या बाजूला माझं नाव मला न विचारताच पडलं. त्याच बाजूला दुसरं नाव खुद्द अध्यक्षांचं होतं.

आदल्या आठवड्यात मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर मोठ्यानं बोलत मुद्दे काढत बसले होते. समोर दादा शेंगा सोलत होते. दादा म्हणजे माझे वडील. आमच्या घरात बाबा एकच, भिंतीवरच्या तसबिरीतले, म्हणून वडिलांना आम्ही दादा म्हणतो. दादांनी तीस वर्षं तलाठी म्हणून काढली. गारपीट, अतिवृष्टी, वाहून गेलेली म्हैस, सगळ्याचे पंचनामे त्यांच्या हातचे. नुकसानभरपाई हा शब्द कानावर पडला तेव्हाच त्यांचा शेंग सोलायचा हात थांबला.

"पंचनामा कुठंय?" त्यांनी विचारलं.

"कशाचा?"

"इंग्रजानं नुकसान केलं म्हणतीस ना? मग पंचनाम्याबिगर भरपाई कोण देईल? अन् मुळात इथं इंग्रज व्हता कुठं? छावणीत. बाकी सारा निजाम. तुझा अर्जच चुकीच्या तालुक्यात चाललाय."

मी म्हटलं, दादा, ही तत्त्वाची गोष्ट आहे. ते म्हणाले, तत्त्वाचा बी सातबारा लागतो.

मला हसू आवरेना. दादा मात्र कपाटातून जुना कार्बन पेपर काढून खरोखर लिहायला बसले. कार्बन पेपर आता बाजारात शोधून सापडत नाही, पण आमच्या घरी त्याचा साठा आहे. नुकसानीचा प्रकार: कापूस, हिरे, माणसं. बाधित खातेदार: समस्त रयत. नुकसानीचं कारण: पाहुणा म्हणून आला, घरजावई होऊन बसला. शेरा: निजामाबाबतचा अर्ज हैदराबादला वर्ग करावा, मुघलांचा पत्ता शोधून कळवावा. खाली पंचांच्या सह्यांसाठी दोन रेघा. एक प्रत मी भाषणासाठी पळवली. ते पुढंही लिहीत बसले होते, पण कुकरच्या शिट्ट्या सुरू झाल्या आणि मी उठले.

आता अध्यक्षांबद्दल सांगायला हवं. पाचोडच्या पुढं आमचं गाव आहे, तेही तिथलेच. त्यांचं पाटलाचं घर आणि आमचं गावाबाहेरच्या वस्तीतलं. तीन वर्षांपूर्वी ते सोसायटीत राहायला आले. माणूस वाईट नाही. पाण्याची मोटर बिघडली की स्वतः उतरून हात काळे करतो, दादांना वाकून 'भाऊसाहेब' म्हणतो. पण दादा नऊ वर्षांचे असताना यांच्या आजोबांनी गावच्या विहिरीवर जे केलं, ते दादा विसरलेले नाहीत. दादांना त्या घरातल्या कुणाच्या तरी तोंडून एकच गोष्ट हवी होती, की हे झालं होतं. बाकी काही नाही. एकदा लिफ्टमध्ये त्यांनी विषय काढला, तर अध्यक्ष हसून म्हणाले, "जाऊ द्या भाऊसाहेब, जुनं कशाला उकरायचं?" लिफ्ट तिसऱ्या मजल्यावर थांबली आणि ते उतरून गेले. त्या दिवशी दादा जेवले नाहीत. मला अध्यक्षांचा इतका राग आला होता की महिनाभर मी त्यांच्या नमस्काराला नुसती मान हलवायचे. आणि आता त्यांच्याच बाजूनं बोलायची पाळी माझ्यावर आली होती.

रविवारी सकाळी पार्किंगमध्ये खुर्च्या मांडल्या. माझं भाषण बरं झालं. 'घरजावई'ला टाळ्या पडल्या, मागच्या रांगेत दादा खूश होऊन शेजाऱ्याला सांगत होते की ते वाक्य मूळ त्यांचं आहे. विरुद्ध बाजूला तळमजल्यावरचे मास्तर होते. ते उर्दू शाळेतून निवृत्त झालेले. त्यांना भरपाई नको असं मुळीच वाटत नव्हतं, पण 'देऊ नये'साठी कुणी तयार होईना म्हणून चिठ्ठ्या टाकल्या, त्यात त्यांचं नाव निघालं आणि एकदा निघाल्यावर ते हटेनात.

"आजोबांचा गुनाह नातवावर कायको?" ते म्हणाले. "गोऱ्याचा पोरगा म्हणतो, मैं तो पैदा भी नहीं हुआ था. त्याला काय सांगाल? आणि रेल्वे तर दिली ना त्यांनी!"

अध्यक्ष तर याचीच वाट बघत होते. माईकची गरज नसलेला आवाज, त्यात हातात माईक.

"रेल्वेचे बोगदे कुणी खणले, मास्तर? आपल्याच माणसांनी! खणायचं आम्ही अन् मिरवायचं त्यांनी? आजोबानं लुटलं, नातू त्याच वाड्यात बसून चहा पितो. पैसे राहू द्या, पण झालं ते झालं असं एकदा तोंडानं कबूल तर करा! कबूल करायला काय जातं?"

टाळ्यांचा नुसता पाऊस. मीही वाजवल्या, खोटं कशाला बोलू. तेवढ्यात दादा उठले.

"अध्यक्ष महाराज, आणखी एक अर्ज हाय. हद्दीतलाच हाय." त्यांनी खिशातून घडी काढली. कुकरच्या शिट्ट्यांमागं ते काय लिहीत होते, ते मला तेव्हा कळलं. चष्मा नाकावर सरकवून त्यांनी सरकारी सुरात वाचायला सुरुवात केली.

"ठिकाण: गावची विहीर. खणणार: अर्जदाराचा बाप अन् वस्तीवरचे पाच जण. पाणी भरण्यास बंदी: त्याच सहा घरांना. बाधिताचं वय: नऊ. प्रकार: बाधितानं तहान लागल्यानं तांब्या विहिरीत सोडला. नुकसान: पितळी तांब्या एक, आईच्या माहेरचा, विहिरीत फेकून दिला. बाधितास दिवस मावळेपर्यंत उन्हात उभं केलं. करणार: आपले आजोबा."

कुणीतरी हसायला सुरुवात केली होती, ते मध्येच थांबलं. अध्यक्षांच्या हातात माईक तसाच होता.

"भाऊसाहेब," ते म्हणाले, "तवा तर मी जल्मलो बी नव्हतो."

"अरे, ये तो मेरा मुद्दा है!" मास्तर टुणकन उठले. "परत द्या! तुम्ही तर त्या बाजूचे!"

मग मात्र सगळं पार्किंग हसलं, अध्यक्षांची बायको तर पदर तोंडाला लावून. मला हसू येत होतं आणि भीतीही वाटत होती. हा माणूस आता चिडून निघून गेला, तर दादा पुन्हा कधी तोंड उघडणार नाहीत, हे मला माहीत होतं.

अध्यक्ष चिडले नाहीत. त्यांनी आपल्याकडं चालते तीच वाट धरली. "तांब्या ना? उद्याच आणतो. भांड्यांच्या बाजारातून चांगला जाड पितळी, तुमचं नाव घालून."

"तांब्या नको," दादा म्हणाले. "घरात लई पडलेत. पंच पायजे. दोन सह्यांबिगर पंचनामा पुरा व्हत नाय."

मास्तरांनी पुढं होऊन पहिली सही ठोकली, उर्दूत, उजवीकडून डावीकडं. मग त्यांनी पेन अध्यक्षांपुढं धरलं. अध्यक्षांनी ते घेतलं नाही. दहा तांबे त्यांनी हसत दिले असते, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. ते बायकोकडं बघत राहिले, मग जमिनीकडं. कबूल करायला काय जातं, हे त्यांनीच पाच मिनिटांपूर्वी माईकवर विचारलं होतं, आणि उत्तर आता साऱ्या पार्किंगला दिसत होतं.

"म्हातारा सांगायचा," ते शेवटी माईक बाजूला धरून म्हणाले. "हसत हसत सांगायचा. आम्ही पोरं बी हसायचो."

त्यांनी मास्तरांच्या हातातलं पेन घेतलं, कागद खुर्चीच्या पाठीवर ठेवला आणि पूर्ण वाचला. मग सहीआधी, कुणी न सांगता, पंचनाम्याखाली असतं तेच वाक्य लिहिलं: वाचून पाहिला, खरा आहे. सही करून कागद दोन्ही हातांनी दादांना दिला.

दादांनी तो नेहमीसारखा वरपासून खालपर्यंत तपासला आणि परत त्यांच्यासमोर धरला. "तारीख राहिली."

"कोणती टाकू?"

"आजची टाका," दादा म्हणाले. "त्या दिवशी पंच मिळाला नव्हता."