माझ्याच कानासाठी पायलीभर तांदूळ

मला ऐकू येत नाही हे मी तीन वर्षं कबूल केलं नाही. लोकच हल्ली तोंडातल्या तोंडात बोलतात, असं म्हणायचो. थोरला पोरगा चांद्याला राहतो. त्यानं दोनदा मला डॉक्टरकडं न्यायचं काढलं आणि दोन्ही वेळेला मी गुरांना वैरण टाकायचं निमित्त करून उठलो. म्हातारा झालो हे कानात अडकवून गावभर मिरवायचं, ते मला नको होतं.

पारावर सगळे हसले की मीही हसायचो. एकदा असाच हसलो, तर सगळे माझ्याकडं बघायला लागले. कुणाच्या तरी मयताचं बोलणं चाललं होतं. त्या दिवसापासून पारावर जायचं सोडलं.

खरे हाल आमच्या म्हातारीचे झाले. आमच्यात बाई नवऱ्याला नावानं हाक मारत नाही. 'अवं' म्हणायचं, संपलं. आता 'अवं' हा शब्द केवढासा, तो बहिऱ्याला कसा पोचायचा? मग ती बांधावरून माझ्या दिशेनं ढेकूळ भिरकावायची. एकदा ते पाठीत बसलं, तर मी तिलाच शिव्या घातल्या. पुढं पुढं तिनं बोलणंच टाकलं. भाकरी झाली की ताट आपटायची, चहा झाला की कप पुढं सरकवायची. मला वाटलं, वयानं शांत झाली असेल.

आमच्या रिहे गावच्या रस्त्यावर आता डंपर लई झालेत. एका सकाळी मी कडेनं चाललो होतो, तर मागून कुणीतरी सदरा धरून मला गटारात ओढलं. शेजारून डंपर गेला. बघतो तर शाळेतली पोरगी, चौथीतली. बाप तिचा हिंजवडीत कंपनीची गाडी चालवतो. मी तिच्यावरच ओरडलो, "सदरा फाडला की माझा!" ती काहीतरी बोलली आणि पळाली. जीव वाचला हे मला घरी आल्यावर कळलं, पण तिच्या घरी जाऊन दोन शब्द बोलावेत, एवढं काही मन मोठं झालं नाही.

पुढं भात झोडून झालं. एका दुपारी तीच पोरगी आणि बरोबर पाचसहा जण ओट्यापुढं येऊन उभी राहिली. हातात पिशव्या, पिशव्यांत मेथी, मुळे, पावटा. म्हातारी ओढ्याला धुण्याला गेलेली. पोरगी मोठ्यानं बोलत असावी, कारण तिच्या गळ्याच्या शिरा दिसत होत्या. मला मधलेच शब्द लागले. 'बाजार' लागला, 'शाळेत' लागला, आणि 'धान्यासाठी' लागला.

शाळेत पोरांचा बाजार भरतो हे माहीत होतं. पोरं भाजी, भेळ मांडतात, बंगलेवालेही येऊन घेतात. म्हणलं, धान्य मागतायत. आपल्या दारातून पोरं रिकामी जायची नाहीत. आत जाऊन नव्या इंद्रायणी तांदळाची पायली भरून आणली आणि पिशवीत ओतली. पोरं एकमेकांकडं बघायला लागली. पोरगी हात हलवत पुन्हा काहीतरी सांगत होती.

"कमी पडलं व्हय?" म्हणलं, आणि वर एक मापटं टाकलं. "घेऊन जावा. म्हाताऱ्यानं दिलं म्हणून सांगा."

पोरगी मान हलवून गेली.

बाजाराच्या दिवशी मी मुद्दाम तिकडून चक्कर मारली. माझा तांदूळ सगळ्यात पुढं मांडलेला. वर पुठ्ठ्यावर काहीतरी लिहिलं होतं, ते 'आजोबांचा तांदूळ' असं मी जुळवलं. लोक माझ्याकडं बघून हसत होते, नमस्कार करत होते. मी छाती काढून पाच रुपयांची भेळ खाल्ली.

नंतर आठवड्यानं शाळेच्या बाई त्या पोरीला घेऊन घरी आल्या. रस्त्यावर गाडी उभी. बाई कानाकडं बोट दाखवून बोलत होत्या. मला काही लागेना. पोरीनं दप्तरातून वही काढली, मोठं मोठं लिहिलं आणि माझ्यापुढं धरली. मी तिसरीपर्यंत शिकलोय. अक्षर लावून लावून वाचलं. 'आजोबा, तुमच्या कानाच्या मशीनसाठी आम्ही बाजार भरवला होता. कान तपासायला चला.'

माझं डोकंच फिरलं.

"मला इचारल्याबिगर? मी काय दारोदार मागत फिरतो व्हय? नको मला तुमचं ते मशीन!"

पोरगी घाबरली नाही. खाली मान घालून पुन्हा लिहायला लागली. 'विचारायला आलो होतो. कानासाठी बाजार भरवू का, असं विचारलं. तुम्ही तांदूळ दिलेत.'

मला तेव्हा कळलं. 'कानासाठी'चं मी 'धान्यासाठी' ऐकलं होतं. पोरांना वाटलं, आजोबांनी होकार दिला, आणि वर पहिला वाटाही घातला. बाई तोंडाला पदर लावून हसत होत्या. मला हसू येत होतं, पण ते मी येऊ दिलं नाही. रागानं बसलेला माणूस एवढ्यात हसला, तर त्याचं कोण ऐकणार?

"मी कुणाचं घेत न्हाई," म्हणलं, आणि गुरांकडं निघालो.

तेवढ्यात म्हातारी दारातून पुढं आली. तिनं बाईंना काहीतरी सांगितलं. थोडंच बोलली. बाईंचं हसू गेलं. मी विचारलं, "काय म्हणाली?" मी पोरीकडं बघितलं. "तू सांग गं. काय म्हणाली ही?"

तिनं म्हातारीकडं बघितलं. मग लिहिलं. मी मोठ्यानं वाचलं, लहान पोरासारखं, तोडून तोडून. 'आजी म्हणतात, मला पण घरात कुणाशी तरी बोलायचंय.'

वाचून झाल्यावर मला कुठं बघावं कळेना. आत गेलो, धुतलेला सदरा घातला, टोपी घातली आणि गाडीत जाऊन बसलो. म्हातारी उभीच. "चल की," म्हणलं, "का आता ढेकूळ मारू?"

मशीन यायला पंधरा दिवस गेले. किती पैसे पडले, बाईंनी पदरचे किती घातले, हे मी विचारलं नाही. विचारलं असतं तर फेडायला निघालो असतो, आणि पोरांचा बाजार वाया घालवला असता. दवाखान्यातून बाहेर आलो तर मागं कुणी चालतंय असं वाटलं. वळून बघितलं, कुणी नव्हतं. माझीच चप्पल घासत होती.

घरी चहा उकळेपर्यंत म्हातारीनं तीन वर्षांचं सगळं काढलं. भाचीला जुळं झालं होतं. शेजारच्यांनी कासार आंबोलीची जमीन विकली होती. आणि तिचा गुडघा वर्षभर दुखत होता.

"मला सांगायचं न्हाई व्हय?"

"सांगितलं की. चार येळा. तुमी म्हणलात, व्हय व्हय, वैरण टाकलीया."

दुसऱ्याच दिवशी तिला पौडला दवाखान्यात नेलं.

शाळेत जाऊन पोरांना काहीतरी बोलावं असं फार वाटलं. आभार हा शब्द आम्ही लग्नपत्रिकेत छापतो, तोंडात तो बसत नाही. बाईंनी सगळ्यांना ओळीनं बसवलं. मी उभा राहिलो, घसा साफ केला, आणि पुढच्या पोराकडं बघून म्हणलं, "आधी शेंबूड पूस तो." सगळी शाळा हसली. एवढी पोरं एकदम हसलेली मी लई दिवसांनी ऐकली. जास्त काही बोललो नाही. पुढच्या बाजाराला दोन पायल्या देईन, एवढं सांगून आलो.

मशीनचा सेल हरभऱ्याच्या डाळीएवढा. माझ्या बोटांत तो ठरत नाही, म्हणून दर शनिवारी सकाळची शाळा सुटली की ती पोरगी यायची आणि बदलून द्यायची. आता ती पाचवीला मोठ्या शाळेत गेली. जाताना तिनं हे काम तिसरीतल्या दोघांना लावून दिलं. ते दारातच भांडतात, आज माझी पाळी म्हणून. मग एक जण माझं डोकं धरतो.

"आजोबा, लई हलताय तुमी."

"हलत न्हाई रं. तुझाच हात गार हाय."

मध्ये पावसात शाळा चार दिवस बंद होती, तेव्हा म्हातारीच्या केसांची पिन घेऊन मी एकट्यानंच सेल बदलला. पहिल्याच खेपेला जमला. हे पोरांना कळू द्यायचं नाही, असं मी म्हातारीला बजावून ठेवलंय.