पन्ह्याचा पेला आणि एकवीस मिनिटं

मुलांनो, चैत्रातल्या हळदीकुंकवाचे फोटो का पाठवले नाहीत, असं तुम्ही दोनदा विचारलंत. हळदीकुंकू झालंच नाही. काय झालं ते लिहूनच कळवते. फोनवर सांगितलं असतं तर मी घाईघाईने शेवट आधी सांगून मोकळी झाले असते आणि मधली भीती गाळून टाकली असती.

वरच्या खोलीत राहणारी मुलगी तुम्ही व्हिडिओवर पाहिली आहे. ती कोल्हापूरची. तिकडच्या पुष्कळ मुलींसारखी "मी येतो, मी जातो" म्हणते, आणि मी दर वेळी "या हो दादा" म्हणते. कापडावर छापायची नक्षी ती लॅपटॉपवर काढते. आठ महिने खपून काढलेली सगळी चित्रं त्या दिवशी संध्याकाळी सहाच्या आत तिला एका कापड कंपनीकडे पाठवायची होती. सहानंतर आलेलं काम ते उघडतसुद्धा नाहीत, हे ती आठवडाभर मला ऐकवत होती. चित्रांची दुसरी प्रत कुठे ठेवली आहेस का, असं मी विचारलं होतं. "करतो की आजी, होतंय," एवढंच उत्तर मिळालं होतं.

वरची खोली उन्हाने तापते, म्हणून दुपारी ती खाली आमच्या जेवणाच्या टेबलावर, कूलरसमोर बसते. त्या दिवशी तिने चित्रं पाठवायला लावली, पण दाढ इतकी ठणकत होती की तीन वाजता तिला दातांच्या डॉक्टरकडे जावंच लागलं. जाताना चालू लॅपटॉपशेजारी टेबलावर चिठ्ठी ठेवून गेली: "आजी, हात लावू नका. शंभर टक्के झाल्याशिवाय बंद करू नका. साडेचारला येतो."

मी शिस्तीची बाई. लेखी सूचना मिळाली की मला बरं वाटतं. पडद्यावर हिरवी पट्टी सरकत होती, एकसष्ट टक्के. कूलरच्या वाऱ्याने चिठ्ठी फडफडत होती. ती उडू नये म्हणून मी तिच्यावर चव बघायला घेतलेला पन्ह्याचा पेला ठेवला. संध्याकाळी बारा बायका येणार होत्या. वेलची कमी वाटली म्हणून डबी घ्यायला वळले, पदर पेल्यात अडकला आणि पेला आडवा झाला.

पन्हं लॅपटॉपच्या सगळ्या कळांवर पसरलं. गूळ, मीठ, कैरी, वेलची. पांढऱ्या अक्षरांमधून पिवळं पाणी आत उतरताना मी पाहिलं. घड्याळात तीन वाजून दहा मिनिटं झाली होती.

फडक्याने टिपलं. पडदा चालूच होता, पट्टी सरकत होती. पासष्ट टक्के. मला वाटलं, वाचलो. पण मिक्सरचं भांडं ओलं झालं तर आधी बटण बंद करायचं, हे मी तुमच्या आईला ती आठ वर्षांची असताना शिकवलं होतं. मग माझा हात पुढे का होत नव्हता? समोर चिठ्ठी होती. बंद करू नका. आता बंद केलं आणि पाठवलेलंही पुसलं गेलं तर? नाही केलं आणि आत सगळं जळलं तर?

तिला फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला, पुन्हा. तुम्हाला लावावा असं मनात आलं, पण तुमच्याकडे मध्यरात्र उलटून गेली होती, आणि आजीचा त्या वेळी फोन आला की तुमची आई काय समजते हे मला माहीत आहे.

मी फडकं हातात धरून उभी राहिले. एकाहत्तर. अठ्ठ्याहत्तर. लॅपटॉपमधला पंखा घशात काही अडकल्यासारखा घरघरू लागला. मग कोणी हात न लावता पडद्यावर एकच अक्षर उमटायला लागलं, ओळीच्या ओळी, थांबेचना. घरात माझ्याशिवाय कोणी नव्हतं आणि ते यंत्र लिहीत होतं.

मग वास आला. कढईत गूळ लागतो ना, तसा.

मी भिंतीतली वायर ओढून काढली. पडदा तसाच उजळ! बॅटरीचा मला विसर पडला होता. ते चालू आहे आणि माझ्या हातात सुटलेली वायर आहे, तो क्षण मी अजून विसरलेले नाही. शेवटी कोपऱ्यातलं बटण दाबलं आणि मोठ्याने दहा आकडे मोजले. नवाला अंधार झाला. तेव्हा पट्टी अठ्ठ्याऐंशीवर होती. सवयीने चिठ्ठीच्या मागे लिहिलं: सांडलं ३.१०, बंद केलं ३.३१, ८८ टक्के.

मग लॅपटॉप टॉवेलवर उपडा घातला. गच्चीवर कुरडया वाळत होत्या, तिथेच नेऊन ठेवावा असं वाटलं. जिन्याच्या लोखंडी कठड्याला हात लागला, चटका बसला आणि शहाणपण आलं. त्या उन्हात कुरडई तडकते, तिथे याचं काय होईल!

एका मैत्रिणीला फोन केला, "हळदीकुंकू रद्द. सगळ्यांना कळव."

"अगं बाई, कोण गेलं?"

"कोणी नाही. पन्हं सांडलं."

"मग दुसरं कर की!"

मी फोन ठेवला.

साडेचारला मुलगी आली. अर्धा गाल सुजलेला, ओठ बधिर. मी दारातच सांगितलं. खुर्चीवर बसवून, पाणी देऊन सांगायचं असं ठरवलं होतं, ते जमलं नाही. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने विचारलं, "किती गेलं होतं?"

"अठ्ठ्याऐंशी."

"चला आजी. चप्पल घाला."

चारदीवारीत, म्हणजे इथल्या तटाच्या आतल्या जुन्या शहरात, जवाहिऱ्यांच्या गल्लीत एक वयस्कर गृहस्थ लॅपटॉप दुरुस्त करतात. पूर्वी ते दागिन्यांत खडे जडवायचे, आणि डोळ्याला भिंग अजून तेच लावतात. ऑटोत मुलीने लॅपटॉपची बॅग मांडीवर घट्ट धरली होती, तान्हं मूल धरावं तशी. माझ्या मनात एकच चाललं होतं. किती वेळ चालू होता, हे ते गृहस्थ विचारणार.

त्यांनी विचारलंच. "माताजी, गिरते ही बंद किया था ना?"

मुलगी माझ्याकडे बघत होती. "हां" म्हटलं असतं तर तिथेच संपलं असतं. कोणाला कळलं असतं? चिठ्ठी माझ्या पर्समध्ये होती. मी चिठ्ठी काढून त्यांच्यापुढे ठेवली आणि म्हणाले, "नहीं भैया. इक्कीस मिनट चालू रहा. मैं खड़ी देखती रही."

मुलीने मान खाली घातली. त्या गृहस्थांनी बटणाकडे नेलेला हात मागे घेतला.

"अच्छा हुआ बता दिया. तुरंत बंद हुआ होता तो मैं सफ़ाई करके एक बार चालू करके देखता. इक्कीस मिनट बाद चालू किया तो जो बचा है वो भी जाएगा. सीधे डिस्क निकालता हूँ."

खालचं झाकण निघालं. आतलं हिरवं सर्किट ठिकठिकाणी काळवंडलं होतं, आणि वेलचीचा वास सगळ्या दुकानात पसरला. डिस्क म्हणजे च्युइंगमच्या कांडीएवढा तुकडा निघाला. त्यांनी तो पुसला, भिंगातून दोन्ही बाजू पाहिल्या, एका डबीत बसवला आणि आपल्या कॉम्प्युटरला जोडला. काहीच दिसेना. वायर काढून पुन्हा लावली. पाच वाजून वीस मिनिटं.

मग चित्रं दिसली. एकामागून एक. बुट्टे, वेली, एक मोर. मुलगी रडायला लागली, आणि बधिर ओठामुळे तिला धड रडताही येईना.

उरलेली चित्रं त्याच दुकानातून पाठवली. शंभर टक्के झाले तेव्हा सहाला सात मिनिटं कमी होती.

परत येताना ती एवढंच म्हणाली, "एकवीस मिनिटं, आजी?"

"तू बंद करू नका असं लिहिलं होतंस."

"मी 'घर पेटलं तरी' असं लिहिलं नव्हतं!" मग थोड्या वेळाने तिने माझा हात हातात घेतला.

लॅपटॉप काही वाचला नाही. तुमच्या आजोबांचा जुना लॅपटॉप आता ती वापरते, आणि रोज रात्री चित्रांची दुसरी प्रत काढते. मी अजून पन्ह्यात वेलची घालत नाही. परवा ती बाहेर गेली तेव्हा टेबलावर नवी चिठ्ठी होती: "आजी, काही झालं तर आधी बंद करा, मग मला विचारा." ती मी टेबलाच्या काचेखाली सरकवली आहे. उडू नये म्हणून तिच्यावर काही ठेवावं लागत नाही.