सटवाची थंडीत अडणारी गाडी

दिवाळी झाली की आमची वस्ती ओस पडते. धडधाकट माणसं ऊस तोडायला जातात आणि मागं राहतो आम्ही, मोडक्या गुडघ्यांची माणसं. यंदा माझ्या जोडीला सटवावरही मागं राहायची पाळी आली होती.

त्याचे गुडघे ठणठणीत होते, पण बायको गेली होती. ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीला मिळून एक कोयता म्हणतात. एकट्या माणसाला टोळी नेणारा मुकादम विचारत नाही. बायडाबाई पावसाळ्यात छातीच्या दुखण्यानं गेली आणि सटवा पन्नाशीत निम्मा होऊन ओट्यावर बसला. मी भाकरी दिली तर खायची, नाही तर नाही. एरवी नाकावर माशी बसू न देणारा माणूस, आता खऱ्या माश्या बसल्या तरी हाकलत नव्हता.

अशात बद्रीनाथ मुकादमाचा फोन आला. शेवटचा ट्रक दुसऱ्या दिवशी दिंद्रुडच्या फाट्यावरून निघणार होता. माणसं उसाच्या फडात गेल्यावर पाचटाच्या कोप्या, म्हणजे त्यांची खोपटं, राखायला आणि लेकरांवर नजर ठेवायला कुणीतरी पाहिजे होतं. "उजाडायच्या आत ये. मी थांबनार न्हाई," तो म्हणाला. सटवाच्या तोंडावर कित्येक दिवसांनी कळा आली. गुढीपाडव्यापर्यंत माणसांत राहायला मिळणार होतं. मला त्याच्यासाठी बरं वाटलं, माझी सोबत मात्र जाणार होती.

पहाटे मला जाग आली ती किकांच्या आवाजानं. सटवाची मोटारसायकल इतकी जुनी, की तिचा मूळ रंग कोणता यावर भांडण व्हावं. उन्हाळ्यात चालायची, पण तोडीला जायच्या आधी, दिवाळीच्या तोंडावर थंडी पडली की सकाळी अडून बसायची. मग बायडाबाई मागून ढकलायची, हा दुसरा गिअर टाकून क्लच सोडायचा, गाडी चालू व्हायची आणि बायडाबाई लुगडं सावरत पळत जाऊन मागं बसायची. सगळी वस्ती बघून हसायची. मीही हसायचो.

आज ढकलायला कुणी नव्हतं. मी जोर लावून पाहिला आणि गुडघा धरून खाली बसलो.

"ऱ्हाऊ द्या अप्पा. तुमीबी जाताल," सटवा म्हणाला.

"मग बघ तरी बे, कावून चालू होईना ती! पेट्रोल हाय का?"

टाकीत पेट्रोल होतं. प्लग काढला तर कोरडाठाक. म्हणजे पेट्रोल वरपर्यंत पोचतच नव्हतं. थंड इंजिनाला सुरुवातीला जरा जास्त पेट्रोल लागतं, चोक असतो तो त्यासाठीच.

"चोक वडला का?" मी विचारलं.

"रोजच वडतो की! आज काय नवीन हाय का?" सटवा खेकसला.

मी बॅटरीचा उजेड हँडलवर धरला. चोकचा खटका तो ओढत होता, तो हलतही होता, पण खालची तार काही हलत नव्हती. तारेवरची रबरी टोपी मागं सारली. तार तुटलेली होती आणि तुटलेल्या टोकावर गंज चढला होता. किती हिवाळे हा नुसताच खटका ओढत होता, देव जाणे.

सटवानं पकडीनं तारेचं टोक धरून ओढलं आणि किक मारली. एका किकेत गाडी चालू झाली.

"भले बहाद्दर!" मी ओरडलो. फाटा गाठायला अजून वेळ होता.

सटवा मात्र तसाच उभा. "अप्पा, ती म्हनायची, 'अवो, त्यो चोक लागतोय का बघा एकदा.' मी म्हनायचो, तुला काय कळतंय, ढकल गुमान." त्यानं पकड खाली टाकली. "गेल्या दिवाळीच्या थंडीत तर धाप लागायची तिला. थांबून थांबून ढकलायची."

गाडी धडधडत होती आणि तो टाकीवर डोकं टेकून लहान लेकरासारखा रडत होता.

"ट्रक जाईल बाबा," एवढंच म्हणालो.

त्यानं डोळे पुसले, बोचकं गळ्यात अडकवलं आणि गाडीवर बसला. पार पुढं सरकून बसला, मागं एका माणसाची जागा ठेवून. थोडा वेळ तसाच थांबला. मग ध्यानात आलं असावं. मागं सरकला आणि निघून गेला.