टवका उडालेली वाटी

तळपायाला तूप लागलं, की त्या वासासरशी मला जुन्या भांड्यांच्या दुकानातली ती दुपार आठवते. सासूबाई पिशोरहून गारखेड्याला आमच्याकडं आल्या होत्या आणि उन्हाळ्यानं त्यांच्या तळपायांची नुसती आग होत होती. काशाच्या वाटीनं तूप चोळलं की ती उतरायची, पण त्यांची वाटी गावाकडंच राहिली होती. "शहरात काशाच्या नावानं पितळच देतेत," त्या म्हणाल्या. मला ते लागलं. मी तडक बाजार गाठला. दुकानदारानं चिंचेनं घासून लख्ख केलेल्या वाट्या पुढं मांडल्या. "सब काँसाच है, बाजी." प्रत्येकीला कुठं ना कुठं पोचा आलेला. मी म्हटलं, "पोचा पितळेला येतो, भाऊ. कासं चेपत नाय, फुटतं." मग ढिगाऱ्यात हात घालून एक काळपट, काठाचा टवका उडालेली वाटी काढली. बोटांच्या टोकांवर तोलून टिचकी मारली, तर नाद लवकर विरेचना. "टूटेली है, लेको क्या करते?" तो हसला. "म्हणूनच घेते," मी म्हटलं. घरी सासूबाईंनी ती कानाशी धरली, टिचकी मारली आणि पाय पुढं केले. आता पाय माझे असतात आणि चोळते सून. परवा तिनं मोबाइलवर नवी, गुळगुळीत काठाची काशाची वाटी दाखवली. म्हटलं, "दिसतीय छान. आता टिचकी मारून दाखव."